ॲडमिरल क्रॅडॉक आणि कोरोनेलची लढाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश नौदल म्हटलं की जेलिको, बीटी, फिशर ही नावं येतात. सर ख्रिस्तोफर क्रॅडॉकचं नाव आलंच तर एका ओळीत येतं : 1914 मध्ये चिलीच्या किनाऱ्याजवळ, कोरोनेलपाशी, जर्मनांकडून हरला आणि बुडाला. त्याच्या चाळीस वर्षांच्या नोकरीचा त्या ओळीत पत्ता नसतो. ती नोकरी नीट पाहिल्याशिवाय शेवटच्या संध्याकाळचा त्याचा निर्णय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून इथे लढाईच्या आधीचं बरंच काही आहे.

क्रॅडॉक कोण होता?

ख्रिस्तोफर जॉर्ज फ्रान्सिस मॉरिस क्रॅडॉक. जन्म 2 जुलै 1862, इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या रिचमंड गावाजवळच्या हार्टफर्थ इथे. घराणं जुनं, जमीनदारांचं. हा चौथा मुलगा. इंग्लंडमध्ये इस्टेट थोरल्याकडे जायची, धाकट्यांनी सैन्य, नौदल किंवा चर्च यांपैकी एक वाट धरायची. क्रॅडॉक नौदलात गेला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. लग्न केलं नाही. शिकारीचा आणि घोड्यांचा शौक होता, सोबतीला कुत्रा असायचा आणि तो जहाजावरही बरोबर यायचा. छायाचित्रांत नीट कातरलेली टोकदार दाढी आणि झकपक गणवेश दिसतो. 1914 मध्ये तो रिअर ॲडमिरल होता, वय 52.

तो कितव्या वर्षी नौदलात गेला? त्या काळी मुलं इतक्या लहानपणी कशी जात?

जानेवारी 1875 मध्ये तो 'ब्रिटानिया' या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला. तेव्हा त्याला तेरावं चालू होतं. 'ब्रिटानिया' म्हणजे डार्टमथच्या नदीत कायमचं नांगरून ठेवलेलं जुनं लाकडी जहाज. वर्ग, झोपण्याच्या झोळ्या, परीक्षा, शिक्षा, सगळं त्याच्यावरच. किनाऱ्यावरची डार्टमथची कॉलेजची इमारत 1905 मध्ये उघडली. क्रॅडॉकच्या पिढीने ती विद्यार्थी म्हणून पाहिलीच नाही.

अधिकारी होणाऱ्या मुलाच्या बापाला फी भरावी लागायची. त्यामुळे अधिकाऱ्यांची भरती सधन घरांतूनच व्हायची. ही मुलं नौकानयन, गणित, दोरखंडाचं काम शिकत आणि त्याहून जास्त एक वृत्ती शिकत : वरिष्ठाच्या हुकमाला प्रश्न विचारायचा नाही आणि शत्रू दिसला तर तोंड फिरवायचं नाही. तेराव्या वर्षी अंगात मुरलेलं बावन्नाव्या वर्षी कसं निघेल?

बढत्या कशा मिळत गेल्या?

कॅडेट, मग मिडशिपमन, सब-लेफ्टनंट, लेफ्टनंट, कमांडर, कॅप्टन, रिअर ॲडमिरल अशी शिडी होती. क्रॅडॉक 1880 मध्ये सब-लेफ्टनंट झाला, 1885 मध्ये लेफ्टनंट, 1896 मध्ये कमांडर, 1901 मध्ये कॅप्टन आणि ऑगस्ट 1910 मध्ये रिअर ॲडमिरल.

यातली खरी अडचण लेफ्टनंट ते कॅप्टन या टप्प्यात होती. तिथे निवड व्हायची आणि बरेच जण मागे राहायचे. कॅप्टन झाल्यावर मात्र पुढची बढती जवळजवळ सेवाज्येष्ठतेने. यादीत वरचे लोक निवृत्त झाले किंवा वारले की नाव वर सरकायचं. मधल्या काळात जहाज मिळालं नाही तर घरी बसून अर्ध्या पगारावर वाट पाहायची.

तुलनेसाठी डेव्हिड बीटी पाहा. तो क्रॅडॉकपेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण युद्धातल्या कामगिरीमुळे 29व्या वर्षी कॅप्टन आणि 1910 च्या जानेवारीत, 38व्या वर्षी रिअर ॲडमिरल झाला. म्हणजे हा धाकटा अधिकारी क्रॅडॉकच्या काही महिने आधीच त्या पदावर पोचला होता. क्रॅडॉकची चाल साधारण होती. भरधाव नाही, अडलेलीही नाही.

कोरोनेलच्या आधी त्याने लढाई पाहिली होती का?

पाहिली होती, पण दोन्ही वेळा जमिनीवर.

1891 मध्ये सुदानच्या तांबड्या समुद्राकडच्या भागात महदी बंडखोरांविरुद्ध मोहीम झाली. क्रॅडॉक तिथे कर्नल हॉलेड स्मिथचा सहायक अधिकारी (एडीसी) म्हणून गेला आणि तोकरच्या लढाईत होता. त्याबद्दल त्याला इजिप्तकडून सन्मान मिळाले.

दुसरी वेळ चीनमध्ये, 1900 च्या बॉक्सर बंडाच्या (परकीयांविरुद्धच्या उठावाच्या) काळात. तेव्हा तो 'अलॅक्रिटी' या छोट्या जहाजाचा कमांडर होता. 17 जून 1900 रोजी पैहो नदीच्या मुखावरच्या ताकू किल्ल्यांवर अनेक देशांच्या नौसैनिकांनी मिळून हल्ला केला. ब्रिटिश तुकडीचं नेतृत्व क्रॅडॉककडे होतं. त्याच हल्ल्यात जर्मन नौसैनिकही खांद्याला खांदा लावून लढत होते. पुढे कैसरने क्रॅडॉकला तलवारींसह प्रशियन मानचिन्ह दिलं, ब्रिटिश सरकारने 'सीबी' किताब दिला आणि 1901 मध्ये कॅप्टनपद आलं. ज्या सम्राटाने त्याला पदक दिलं त्याच्याच जहाजांनी चौदा वर्षांनी त्याला बुडवलं. त्या काळच्या युरोपातल्या आरमारांचं एकमेकांशी असलेलं नातं यातून लक्षात येतं. हे लोक एकमेकांना ओळखत, बंदरांत एकमेकांकडे जेवायला जात.

समुद्रावर, तोफेला तोफ लावून, बरोबरीच्या शत्रूशी लढण्याचा अनुभव मात्र क्रॅडॉकला नव्हता. त्याच्या पिढीतल्या जवळजवळ कुठल्याच ब्रिटिश ॲडमिरलला तो नव्हता.

मधली वर्षं तो काय करत होता?

शांततेच्या काळातला नौदल अधिकारी जे करतो तेच. भूमध्य समुद्र, चीन, अटलांटिक, आळीपाळीने क्रूझर (मध्यम आकाराची, वेगवान लढाऊ जहाजं) आणि अवजड युद्धनौका. राजघराण्याच्या यॉटवर काम केलं, राजा सातव्या एडवर्डचा नौदल एडीसी झाला, पोर्ट्समथच्या नौदल बराकींचा प्रमुख राहिला. 1889, 1894 आणि 1907 मध्ये त्याची तीन पुस्तकं निघाली : एक शिकारीच्या आठवणींचं आणि बाकीची नौकानयनाबद्दल, तरुण अधिकाऱ्यांसाठी. शिडाच्या जहाजावर वाढलेला माणूस कोळशाच्या आणि वाफेच्या जहाजांवर काम करणाऱ्या पोरांना काय सांगतो, हे त्यांत दिसतं. जहाज हाताळण्यात त्याचा हात धरणारे थोडे होते, अशी त्याची ख्याती होती.

'दिल्ली' नावाच्या जहाजाचा प्रसंग काय होता?

त्याच्या कारकिर्दीतला मला सर्वांत आवडणारा भाग हा. डिसेंबर 1911. हिंदुस्तानच्या मार्गावरचं पी अँड ओ कंपनीचं प्रवासी जहाज 'दिल्ली' मोरोक्कोच्या केप स्पार्टेलजवळ वादळात किनाऱ्याला लागलं. प्रवाशांमध्ये राजा पाचव्या जॉर्जची बहीण, प्रिन्सेस रॉयल, तिचा नवरा ड्यूक ऑफ फाइफ आणि त्यांच्या मुली होत्या. नेमके त्याच दिवसांत राजा स्वतः हिंदुस्तानात दिल्ली दरबारासाठी आलेला.

क्रॅडॉक तेव्हा अटलांटिक ताफ्याचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता, त्याचं निशाण, म्हणजे ॲडमिरलचा झेंडा, 'लंडन' या युद्धनौकेवर. लाटा इतक्या उसळत होत्या की होड्या उलटत होत्या. मदतीला आलेल्या फ्रेंच क्रूझरचे तीन खलाशी त्यात गेले. क्रॅडॉक स्वतः होडीतून गेला आणि प्रवाशांना उतरवण्याचं काम समोर उभा राहून केलं. त्याबद्दल त्याला जीवरक्षणाचं रौप्यपदक आणि 'केसीव्हीओ' हा सर किताब मिळाला. ड्यूक मात्र त्या भिजण्या-गारठण्यातून सावरला नाही. पुढच्याच महिन्यात इजिप्तमध्ये अस्वान इथे तो वारला.

रिअर ॲडमिरलने स्वतः होडीत बसण्याची गरज नव्हती. हाताखालचे कॅप्टन होते. पण क्रॅडॉकची रीत ही अशी होती, आणि कोरोनेलकडे पाहताना हा प्रसंग मनात ठेवावा असं मला वाटतं.

मेक्सिकोत तो कसा पोचला?

1913 च्या सुरुवातीला त्याला चौथ्या क्रूझर स्क्वाड्रनची (जहाजांच्या तुकडीची) सूत्रं मिळाली. उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज हे त्याचं क्षेत्र. मेक्सिकोत तेव्हा क्रांती पेटलेली होती, तांपिको आणि व्हेराक्रुझ बंदरांत ब्रिटिश नागरिक आणि तेलकंपन्यांची माणसं अडकलेली. 1914 च्या वसंतात अमेरिकेने व्हेराक्रुझ ताब्यात घेतलं तेव्हा क्रॅडॉक तिथेच होता. अमेरिकन ॲडमिरलशी, मेक्सिकन सेनापतींशी आणि जर्मन कॅप्टनांशीही बोलून त्याने निर्वासितांना बाहेर काढलं. हे काम संयमाचं होतं आणि त्याने ते चोख केलं. त्याला नुसता तापट, डोक्यात राख घालणारा म्हणणाऱ्यांनी हे महिने वाचलेले नसतात.

जुलै 1914 मध्ये पदच्युत राष्ट्राध्यक्ष वेर्ताला मेक्सिकोतून बाहेर नेणारं जहाज होतं जर्मन क्रूझर 'ड्रेस्डेन'. तिने त्याला जमैकाच्या किंग्स्टन या ब्रिटिश बंदरात सोडलं. तीन महिन्यांनी तीच 'ड्रेस्डेन' कोरोनेलला क्रॅडॉकसमोर उभी होती.

युद्ध सुरू झालं तेव्हा काय झालं?

6 ऑगस्ट 1914 रोजीच क्रॅडॉकच्या 'सफोक' जहाजाने जर्मन क्रूझर 'कार्लस्रूए'ला भर समुद्रात गाठलं. ती एका प्रवासी जहाजावर तोफा चढवत होती. 'कार्लस्रूए' वेगाने जास्त असल्याने निसटली. त्यानंतर क्रॅडॉकने कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आपलं निशाण 'गुड होप' या अधिक वेगवान पण जुन्या क्रूझरवर हलवलं आणि जर्मन जहाजांच्या शोधात दक्षिणेकडे, ब्राझीलच्या आणि मग दक्षिण अटलांटिकमधल्या ब्रिटिश फॉकलंड बेटांच्या दिशेने निघाला.

जर्मन ॲडमिरल फॉन श्पे कोण? 'एम्डेन'चा याच्याशी संबंध आहे का?

आहे, आणि आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट इथूनच जवळची होते. माक्सिमिलियान फॉन श्पे हा जर्मनीच्या पूर्व आशिया स्क्वाड्रनचा प्रमुख, तळ चीनमधल्या त्सिंगताओला. युद्ध लागलं तेव्हा तो पॅसिफिकच्या बेटांमध्ये होता. जपान विरोधात उतरणार हे दिसताच त्याने पूर्वेकडे दक्षिण अमेरिकेची वाट धरायचं ठरवलं आणि 'एम्डेन' ही एकच क्रूझर हिंदी महासागराकडे सोडली.

त्याच 'एम्डेन'ने बंगालच्या उपसागरात जहाजांमागून जहाजं धरली आणि 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. पुढे अरबी समुद्राच्या तोंडाशीही तिने शिकार केली. 9 नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'ने तिला संपवलं, म्हणजे कोरोनेलनंतर आठच दिवसांनी. मद्रासवर गोळे पडले ते आणि 'गुड होप' बुडाली ती, एकाच स्क्वाड्रनची करणी.

श्पेच्या मुख्य दोन जहाजांची नावं 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नाइझेनाउ'. दोन्ही आधुनिक चिलखती क्रूझर, प्रत्येकीवर 8.2 इंची (हा नळीचा व्यास) आठ तोफा, खलाशी वर्षानुवर्षं एकत्र सराव केलेले. नेमबाजीत या स्क्वाड्रनचा जर्मन आरमारात दबदबा होता.

क्रॅडॉककडे कोणती जहाजं होती?

'गुड होप' : 1901 मध्ये पाण्यात उतरलेली. 9.2 इंची तोफा फक्त दोन, बाकी सोळा तोफा 6 इंची. त्यांतल्या खालच्या मजल्यावरच्या तोफा खवळलेल्या समुद्रात निकामी, कारण लाटा आत येत.

'मॉन्मथ' : तीही जुनी, फक्त 6 इंची चौदा तोफा.

'ग्लासगो' : हलकी, नवी, वेगवान. चौघींतली खऱ्या अर्थाने तयार अशी ही एकटीच, कारण तिचे खलाशी कायम सेवेतले होते.

'ओट्रँटो' : प्रवासी जहाज. वर काही तोफा बसवलेल्या, पण उंच आणि संथ. लढाईत तिचा उपयोग शत्रूला मोठं लक्ष्य देण्यापुरताच.

आणि पाचवी 'कॅनोपस' ही जुनी युद्धनौका, जी लढाईच्या वेळी तिथे नव्हती.

ॲडमिरल्टीने (लंडनमधल्या नौदल मुख्यालयाने) त्याला नेमका हुकूम काय दिला होता?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर आहे, म्हणून सविस्तर सांगते.

14 सप्टेंबरची तार : 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नाइझेनाउ' दक्षिण अमेरिकेकडे येण्याची शक्यता आहे, त्यांना तोंड देण्याइतकी ताकद एकत्र करा, फॉकलंडला कोळशाचा तळ करा. 'कॅनोपस' पाठवली आहे आणि 'डिफेन्स' ही भक्कम क्रूझर भूमध्य समुद्रातून येते आहे. बळ वरचढ झालं की शोधा आणि नष्ट करा.

हा हुकूम समजण्यासारखा होता. पण त्याच दिवशी श्पे सामोआजवळ दिसला आणि वायव्येकडे गेल्यासारखं वाटलं. लंडनने दोनच दिवसांत निष्कर्ष काढला की तो अमेरिकेकडे येत नाही. नवी तार गेली : ताफा एकत्र ठेवण्याची गरज नाही, दोन क्रूझर आणि एक सशस्त्र व्यापारी जहाज चिलीच्या किनाऱ्याला पुरेत. आणि 'डिफेन्स' माल्टाला थांबवली. ती थांबवल्याचं क्रॅडॉकला कळवलंच नाही. तो तिची वाट पाहत राहिला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला फिजीजवळ जर्मन बिनतारी संदेश पकडला गेला आणि उघड झालं की श्पे ईस्टर बेटाकडे, म्हणजे चिलीकडेच येतो आहे. 5 ऑक्टोबरची तार : त्यांना एकत्र गाठण्याची तयारी ठेवा, 'कॅनोपस' बरोबर असावी, शोधा आणि व्यापाराचं रक्षण करा. क्रॅडॉकने सुचवलं की दक्षिण अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर एकेक भक्कम ताफा हवा. लंडनने तत्त्व मान्य केलं. पण 'डिफेन्स' दिली पूर्वेच्या ताफ्याला, ॲडमिरल स्टॉडार्टकडे, जिथे श्पे नव्हता.

26 ऑक्टोबरला क्रॅडॉकने कळवलं की 'कॅनोपस'च्या संथपणामुळे तिच्यासोबत शत्रूला शोधून नष्ट करणं शक्य नाही, म्हणून 'डिफेन्स'ला माझ्याकडे यायला सांगितलं आहे. 28 तारखेला लंडनने नकार दिला. दोन्ही बाजूंना पुरेसं बळ आहे, असं त्यांचं म्हणणं.

त्याच दिवसांत ॲडमिरल्टीतच उलथापालथ चालू होती. जर्मन वंशाचा म्हणून टीका होत असलेल्या प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्गने पहिल्या सागरी लॉर्डचं (नौदलातल्या सर्वोच्च अधिकाऱ्याचं) पद सोडलं आणि 30 ऑक्टोबरला 73 वर्षांचा फिशर त्या पदावर परत आला. फिशरने नकाशा पाहिला आणि 3 नोव्हेंबरला नवा हुकूम सुटला : 'डिफेन्स' तातडीने क्रॅडॉककडे, 'कॅनोपस'शिवाय लढू नये. वरातीमागून घोडं. क्रॅडॉक दोन दिवस आधीच समुद्राच्या तळाशी गेला होता.

हे हुकूम तारखांनुसार लावून पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. 'शोधा' हा शब्द शेवटपर्यंत कायम राहिला आणि शोधण्यासाठी लागणारी ताकद काढून घेतली गेली. विन्स्टन चर्चिल तेव्हा नौदलमंत्री होता आणि नंतर त्याने दोष 'कॅनोपस' सोडल्याबद्दल क्रॅडॉकवर ढकलला. मला ते पटत नाही.

'कॅनोपस' नक्की किती संथ होती? क्रॅडॉकने तिला मागे का ठेवलं?

ती 1890 च्या दशकातली जुनी युद्धनौका, 12 इंची चार तोफा. त्या तोफांमुळे लंडनला ती भरवशाची वाटली. फॉकलंडला पोचल्यावर तिच्या इंजिन विभागाच्या प्रमुखाने यंत्रं बिघडली आहेत, 12 नॉटपेक्षा (तासाला 12 सागरी मैलांपेक्षा) जास्त वेग निघणार नाही, असं सांगितलं. नंतर उघड झालं की त्या अधिकाऱ्याची मानसिक प्रकृती ढासळलेली होती आणि जहाज प्रत्यक्षात सुमारे 16 नॉट काढू शकत होतं. हे क्रॅडॉकला वेळेवर कळलं नाही.

22 ऑक्टोबरला तो फॉकलंडहून निघाला आणि 'कॅनोपस'ला कोळशाच्या जहाजांसोबत मागून यायला सांगितलं. लढाईच्या संध्याकाळी ती सुमारे 250 सागरी मैल दक्षिणेला होती.

ट्रूब्रिज प्रकरणाचा काय संबंध?

ऑगस्ट 1914 मध्ये रिअर ॲडमिरल ट्रूब्रिजने भूमध्य समुद्रात 'गोएबेन' या जर्मन जहाजाशी लढणं टाळलं, कारण ते त्याच्या चार क्रूझरपेक्षा बलवान आहे असं त्याचं मत होतं. 'गोएबेन' तुर्कस्तानला निसटली. ट्रूब्रिजची चौकशी झाली आणि कोर्टमार्शल ठरलं. नोव्हेंबरमध्ये तो निर्दोष सुटला, पण क्रॅडॉकला ते कळण्याआधीच सगळं संपलं होतं.

क्रॅडॉक फॉकलंडच्या गव्हर्नरकडे एक पत्र ठेवून गेला. आपण मेलो तरच ते पुढे पाठवावं, असं सांगून. त्यात त्याने लिहिलं होतं की ट्रूब्रिजसारखी आपली गत होऊ देणार नाही आणि चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर बाजू न ऐकता बळी जाण्याची आपली तयारी नाही. लढलो तर मरण आणि टाळलं तर बदनामी, हे त्याला निघतानाच दिसत होतं. तरी तो आवेशात गेला नाही. जाण्याआधी त्याने आपली बाजू कागदावर उतरवून ठेवली होती.

1 नोव्हेंबर 1914 ला काय घडलं?

'ग्लासगो' तारा (संदेश) घ्यायला चिलीतल्या कोरोनेल बंदरात गेली होती. श्पेला ते कळलं आणि तो तिला पकडायला दक्षिणेकडे निघाला. इकडे ब्रिटिशांना फक्त 'लाइपझिग' या एकाच जर्मन जहाजाचे बिनतारी संकेत ऐकू येत होते, कारण श्पे मुद्दाम तिचंच नाव वापरत होता. म्हणजे दोघेही एकट्या जहाजाला गाठायला निघालेले आणि समोर आला पूर्ण ताफा.

दुपारी साडेचारच्या सुमारास एकमेकांचा धूर दिसला. समुद्र खवळलेला, वारा जोराचा. क्रॅडॉकने सूर्य पाठीशी घेतला, म्हणजे जर्मन तोफचींच्या डोळ्यांवर किरणं येतील. त्याला लगेच लढायचं होतं. श्पेने वेगाच्या जोरावर अंतर राखलं आणि सूर्य बुडायची वाट पाहिली. सातच्या सुमारास सूर्य गेला. आता ब्रिटिश जहाजं पश्चिमेच्या उजेडावर काळीभोर उठून दिसत होती आणि जर्मन जहाजं किनाऱ्याच्या अंधारात विरली होती. दहा-अकरा किलोमीटरवरून तोफा सुरू झाल्या. 'गुड होप'ची पुढची 9.2 इंची तोफ सुरुवातीच्या काही मिनिटांतच उडाली. अंतर कमी करायचं म्हणजे आपल्या 6 इंची तोफा उपयोगी पडतील, म्हणून क्रॅडॉक जळत्या जहाजासकट शत्रूच्या दिशेने जात राहिला. आठ वाजायच्या आत 'गुड होप'चा स्फोट झाला. नंतर ती कुणाला दिसली नाही.

'मॉन्मथ' पुढून पाणी घेत होती, पळणं शक्य नव्हतं. 'न्यूर्नबर्ग' या हलक्या जर्मन क्रूझरने तिला रात्री नऊच्या सुमारास गाठलं. तिने निशाण उतरवलं नाही. जवळून मारा करून तिला बुडवलं गेलं. अशा समुद्रात जर्मनांनीही होड्या उतरवल्या नाहीत. दोन्ही जहाजांवरचा एकही माणूस वाचला नाही. मृत सुमारे 1,600. जर्मनांचा एकही मेला नाही, तीन जखमी. 'ग्लासगो' आणि 'ओट्रँटो' निसटल्या.

ब्रिटिश आरमाराचा असा पराभव साधारण शंभर वर्षांत झाला नव्हता.

तो पळून जाऊ शकला असता का?

बहुधा हो. अंधार पडायला दोनेक तास होते आणि दक्षिणेला वळून 'कॅनोपस'कडे जाता आलं असतं. 'ओट्रँटो' मागे पडली असती, कदाचित बुडाली असती.

मग का वळला नाही? त्याचं उत्तर कुणी जिवंत राहिलं नाही म्हणून कागदावर नाही. पण एक हिशेब तर्काला धरून आहे. श्पे आपल्या तळापासून हजारो मैल दूर होता. तटस्थ देशाच्या बंदरात युद्धनौकेला फार तर एक दिवस थांबता येई. जहाज मोडलं तर गोदी नाही, दारूगोळा संपला तर नवा नाही. त्याच्या एका क्रूझरला जरी जबर इजा झाली असती तरी श्पेची मोहीम संपली असती. क्रॅडॉकला हे पक्कं माहीत होतं. आणि झालंही तसंच काहीसं : त्या एका संध्याकाळी श्पेने मोठ्या तोफांचा जवळजवळ निम्मा दारूगोळा खर्च केला.

तरीही माझ्या मनात एक अढी आहे. हा धोका ॲडमिरलने स्वतःसाठी पत्करला तेव्हा सोळाशे माणसंही त्यात ओढली गेली आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. क्रॅडॉकवरचा मूर्खपणाचा आरोप मी मान्य करत नाही. पण त्याचं शौर्य गाताना खालच्या मजल्यावरच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला विसरणंही मला मान्य नाही.

जहाजांवर कोण लोक होते?

बहुतेक राखीव दलाचे. 'गुड होप' आणि 'मॉन्मथ' दोन्ही युद्ध लागल्यावर घाईने सज्ज केल्या होत्या. निवृत्त खलाशी, मच्छीमार, वर्षातून थोडे दिवस सराव करणारे गडी आणि कोवळी पोरं असा भरणा. त्यांना एकत्र तोफा डागण्याचा सराव जवळजवळ मिळालाच नव्हता. 'गुड होप'वर हॅलिफॅक्सला चढलेले चार कॅनेडियन मिडशिपमन होते. कॅनडाच्या नौदलाचे महायुद्धातले पहिले मृत तेच.

लंडनची प्रतिक्रिया काय होती?

4 नोव्हेंबरला बातमी पोचली आणि आठवडाभरात फिशरने 'इन्व्हिन्सिबल' आणि 'इन्फ्लेक्सिबल' या दोन बॅटलक्रूझर ॲडमिरल स्टर्डीबरोबर दक्षिणेला पाठवल्या. क्रॅडॉकला एक 'डिफेन्स' मिळत नव्हती. तो मेल्यावर त्याहून कितीतरी बलवान दोन जहाजं लगेच सापडली.

8 डिसेंबर 1914 रोजी श्पे फॉकलंडवर चालून आला आणि त्यांच्या तावडीत सापडला. पहिला गोळा बंदराच्या चिखलात रुतवून ठेवलेल्या 'कॅनोपस'ने टाकला. 'शार्नहोर्स्ट', 'ग्नाइझेनाउ', 'न्यूर्नबर्ग', 'लाइपझिग' चारही बुडाल्या. श्पे आणि त्याचे दोन मुलगेही गेले.

क्रॅडॉकचं स्मारक कुठे आहे?

यॉर्कच्या मोठ्या कॅथीड्रलमध्ये, यॉर्क मिन्स्टरमध्ये. 16 जून 1916 रोजी ते खुलं झालं. चर्चिलनंतर नौदलमंत्री झालेल्या बॅल्फरने ते उघडलं.

'ग्लासगो' आणि 'ड्रेस्डेन'चं पुढे काय झालं?

'ग्लासगो' दुरुस्त होऊन फॉकलंडच्या लढाईत उतरली. तिथून एकटी निसटलेली 'ड्रेस्डेन' चिलीच्या दक्षिणेकडच्या खाड्यांमध्ये तीन महिने लपत राहिली. 14 मार्च 1915 रोजी हुआन फर्नांदेझ बेटांपैकी मास आ तिएर्रा इथे 'ग्लासगो' आणि सोबतच्या जहाजांनी तिला गाठलं. थोड्या गोळीबारानंतर जर्मनांनी बोलणी करायला एक तरुण अधिकारी होडीतून 'ग्लासगो'वर पाठवला. त्याचं नाव विल्हेल्म कानारिस, जो दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेरखात्याचा प्रमुख झाला. बोलणी चालू असताना 'ड्रेस्डेन'च्या खलाशांनी आपलं जहाज स्वतःच बुडवलं.